तर्री पाण्यात का मिसळत नाही?

मिसळीचा रस्सा वाटीत येतो तेव्हा वर लालभडक थर असतो. कुणी त्याला कट म्हणतं, कुणी तर्री. चमच्याने जोरात ढवळलं तर क्षणभर सगळं एकजीव झाल्यासारखं दिसतं. मग एकेक लाल ठिपका वर येतो, शेजारच्या ठिपक्याला भेटतो, दोघांचा मिळून एक मोठा ठिपका होतो, आणि थोड्या वेळात थर पुन्हा होता तसा. असं का होतं म्हणून विचारलं तर बहुतेक जण सांगतात, ‘तेल हलकं असतं ना, म्हणून.’

हे उत्तर अर्धंच आहे. तेल हलकं आहे म्हणून ते वर राहतं, इथपर्यंत ठीक. पण ते वेगळं का राहतं? पाण्याची घनता १ धरली तर खाद्यतेलाची साधारण ०.९२ भरते. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये असतं ते इथेनॉल त्याहून हलकं, ०.७९. तरीही इथेनॉल पाण्यात ओतलं की ते पूर्ण मिसळून जातं. बाटली वर्षभर फडताळात ठेवा, थर धरणार नाही. म्हणजे हलकं-जड हा इथला खरा मुद्दाच नाही. खरा मुद्दा आहे रेणूंना एकमेकांची किती आणि कशी ओढ वाटते, हा.

हा भाग अकरावीच्या रसायनशास्त्रात येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांना तो अचानक इंग्रजी पुस्तकातून भेटतो, आणि मग द्विध्रुव, हायड्रोजन बंध, लंडन बल, व्हॅन डर वाल्स बल अशी नावं आणि त्यांचा क्रम पाठ होतो. विषय मात्र हाती लागत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या सगळ्या नावांच्या तळाशी दोनच प्रश्न आहेत. रेणूवर प्रभार कुठे बसलाय? आणि दोन रेणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? हे दोन प्रश्न हातात धरले की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

पहिल्या प्रश्नापासून निघू. दोन अणू जेव्हा सहसंयुज बंधाने जोडले जातात, तेव्हा ते इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात. पण वाटणी नेहमी समसमान होत नाही. काही अणू ती जोडी स्वतःकडे जास्त ओढतात. या ओढून घेण्याच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये तिचं मोजमाप मांडलं. आज त्या मापावर फ्लोरीन सगळ्यात वर आहे, ३.९८. ऑक्सिजन ३.४४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. कार्बन आणि हायड्रोजनमधला फरक किरकोळ आहे, ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला भरपूर. त्यामुळे पाण्याच्या रेणूत इलेक्ट्रॉनचा मुक्काम ऑक्सिजनकडे जास्त पडतो. ऑक्सिजनच्या अंगावर थोडा ऋण प्रभार येतो आणि दोन्ही हायड्रोजन थोडे धन होतात. हा पूर्ण प्रभार नव्हे, अंशतः आहे. मिठातल्या सोडियमसारखा इलेक्ट्रॉन कायमचा कुणाला देऊन टाकलेला नसतो.

इथे बरीच मुलं थांबतात आणि ठरवून टाकतात की ध्रुवीय, म्हणजे अशा असमान वाटणीचे, बंध आहेत म्हणजे रेणू ध्रुवीयच. तसं नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन आणि ऑक्सिजनचे दोन्ही बंध ध्रुवीय आहेत, तरी आख्खा रेणू अध्रुवीय आहे. कारण त्याचा आकार सरळ रेषेसारखा: मधे कार्बन, दोन टोकांना दोन ऑक्सिजन. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना तुल्यबळ गडी असले की रुमाल जागचा हलत नाही, तसंच हे. पाण्याचा रेणू मात्र वाकलेला आहे. त्याच्या दोन बंधांमधला कोन १०४.५ अंशांचा. दोन्ही दोर एकाच बाजूला तिरके ओढले जातात, त्यामुळे ओढ एकमेकींना खोडून काढत नाही, तिची बेरीज होते. रेणूला एक धन बाजू आणि एक ऋण बाजू येते. यालाच द्विध्रुव म्हणायचं. तो किती प्रबळ आहे हे डिबाय या एककात मोजतात. पीटर डिबाय या डच शास्त्रज्ञाला ज्या कामासाठी १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या द्विध्रुवांचा अभ्यास होता. पाण्याचा आकडा १.८५ डिबाय, कार्बन डायऑक्साइडचा शून्य. तसंच कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार क्लोरीन चारही दिशांना सारखे बसलेले, म्हणून शून्य. त्यातला एक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवला की क्लोरोफॉर्म होतो, आणि आकडा १ डिबायच्या आसपास जातो. बंधांकडे पाहायचं ते आकारासकट पाहायचं, एवढं लक्षात राहिलं तरी ध्रुवीयतेची बहुतेक गणितं सुटतात.

पाण्याची ध्रुवीयता दाखवायला शाळेत एक प्रयोग करतात. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार कंगव्याकडे वाकते. प्रयोग सुंदर आहे, जरूर करा. पण त्यावरून पाण्याचे रेणू ध्रुवीय आहेत हे सिद्ध होतं असं सांगू नये. द्विध्रुवाचं एक टोक ओढलं जातं तेव्हा दुसरं तितक्याच जवळून ढकललं जातं, त्यामुळे निव्वळ ओढ फारच थोडी उरते. धार वाकते ती मुख्यतः कंगव्याच्या सान्निध्याने धारेतच विरुद्ध प्रभार गोळा होतो म्हणून. ध्रुवीयता बघायचीच असेल तर मायक्रोवेव्ह भट्टी पाहा. तिच्यातलं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा दोलन पावतं. पाण्याचे द्विध्रुव त्याच्यामागे वळायचा प्रयत्न करतात, शेजारच्यांना धक्के देतात आणि अन्न तापतं. बर्फ मात्र त्यात फार हळू तापतो, कारण त्यातले रेणू आपापल्या जागी जखडलेले असतात.

आता रेणूच्या बाहेर येऊ. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पाणी उकळलं की काय तुटतं? कितीतरी मुलं लिहितात की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. तसं झालं असतं तर चहाचं आधण ठेवणं धोक्याचं ठरलं असतं, कारण हायड्रोजन पेट घेतो. पातेल्यातून निघते ती वाफ, म्हणजे पाण्याचे अख्खे रेणू. तुटते ती फक्त एका रेणूची दुसऱ्या रेणूबद्दलची ओढ. आकड्यांत बघा. १८ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच १८ ग्रॅम पाण्यातले बंध तोडून सुटे अणू करायचे असतील तर ९२६ च्या आसपास, म्हणजे बावीसपट. घट्ट नातं घरातलं, ओढ शेजाऱ्यांमधली. पाणी उकळताना शेजारी दुरावतात, घर फुटत नाही.

पण पाण्याच्या बाबतीत ही शेजारच्यांची ओढही विलक्षण आहे. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली गंधक, सेलेनियम, टेल्युरियम असे भाऊबंद आहेत. तेही दोन-दोन हायड्रोजन घेऊन पाण्यासारखेच रेणू तयार करतात. टेल्युरियमचं संयुग उणे २ अंश सेल्सिअसला उकळतं, सेलेनियमचं उणे ४१ ला, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड उणे ६० ला. रेणू लहान होत जातो तसा उत्कलनांक उतरत जातो. या उताराने पाणी उणे ६० च्याही बरंच खाली उकळायला हवं होतं. म्हणजे पृथ्वीवर कुठेच समुद्र नसता, होती ती सगळी वाफच राहिली असती. प्रत्यक्षात ते १०० ला उकळतं.

याचं कारण हायड्रोजन बंध. नावात बंध असला तरी ही ओढच आहे, फक्त बळकट. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन असतो. ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरीनसारख्या हावऱ्या अणूने तो स्वतःकडे ओढला की हायड्रोजनचं केंद्रक जवळजवळ उघडं पडतं. वर हायड्रोजन आकाराने इवलासा. त्यामुळे शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनवर जी इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी असते, तिच्या तो अगदी जवळ जाऊ शकतो. आपले दोन्ही प्रश्न इथे एकत्र येतात: प्रभार नेमका टोकाला, आणि अंतर अगदी कमी. पाण्याच्या एका रेणूला असे चार हात आहेत, दोन देण्याचे आणि दोन घेण्याचे. बर्फात चारही हात चारी दिशांना धरलेले असतात. त्यामुळे मधे पोकळी राहते आणि बर्फाची घनता ०.९१७ भरते. सरबतात बर्फ तरंगतो तो यामुळे.

हायड्रोजन जागेवर नसेल तर काय होतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर. दोन्हींत दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. वजन तंतोतंत सारखं. इथेनॉलमध्ये एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला चिकटलेला आहे, ईथरमध्ये सगळे हायड्रोजन कार्बनवर. एवढ्याशा फरकाने इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि ईथर सुमारे उणे २५ ला. शंभर अंशांचा फरक, आणि तो एका हायड्रोजनच्या पत्त्यामुळे.

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं तेही याच ओढीमुळे. माठाच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं आणि तिथे त्याचं बाष्प होतं. बाहेर निसटणाऱ्या प्रत्येक रेणूला आपले हात शेजाऱ्यांच्या हातांतून सोडवून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा तो मागे राहिलेल्या पाण्याकडून आणि मातीकडून घेतो. साधारण ३० अंश तापमानाला एक ग्रॅम पाण्याचं बाष्प व्हायला २.४ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. ती सगळी आतल्या पाण्याकडून घेतली गेली, तर एका ग्रॅममागे आतलं १०० ग्रॅम पाणी साडेपाच अंशांहून जास्त थंड होईल. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा बाहेरच्या हवेतूनही येते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ झकास चालतो आणि कोकणात तितका नाही, कारण कोकणच्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की बाहेर पडणाऱ्या रेणूंइतकेच जवळपास परतही येत राहतात.

इथपर्यंत सगळं ध्रुवीय रेणूंबद्दल झालं. पण ज्यांना ध्रुवच नाहीत त्यांचं काय? हेलियम घ्या. एकटा अणू, सगळीकडून सारखा गोल, ना धन बाजू ना ऋण. त्याला कुणाचीच ओढ नसती तर कितीही थंड केला तरी तो वायूच राहिला असता. पण १९०८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओन्नेस यांनी हेलियमचा द्रव करून दाखवला, उणे २६९ अंशांना. म्हणजे ओढ आहे, अगदी थोडी का होईना.

तिचा उलगडा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये केला. लंडन बल हे नाव त्यांच्यावरून पडलं. इंग्लंडच्या राजधानीशी त्याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगते, कारण हा गैरसमज सर्रास दिसतो. अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनचा ढग सरासरीने समतोल असला तरी क्षणाक्षणाला तो एका बाजूला झुकत असतो. झुकला की त्या क्षणापुरता अणू द्विध्रुव होतो. शेजारच्या अणूचा ढग लगेच त्याला साजेसा झुकतो. गच्च भरलेल्या लोकलमध्ये वळणावर एक माणूस कलला की शेजारचाही त्याच्यासोबत कलतो, तसे दोन ढग एका लयीत झुकायला लागतात आणि त्यातून ओढ तयार होते. ही ओढ सगळ्यांमध्ये असते, ध्रुवीय रेणूंमध्येसुद्धा. ढग जितका मोठा, तितका तो सहज झुकतो.

पुस्तकं या बलाला ‘दुर्बल’ म्हणतात. एका जोडीपुरतं ते खरंही आहे. पण त्या शब्दामुळे मुलं त्याला सोडूनच देतात, आणि तिथे चूक होते. ही ओढ साठत जाते. पाइपातून घरी येणारा मिथेन, सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन, गाडीतलं पेट्रोल, देवघरातल्या मेणबत्तीचं मेण ही सगळी मुख्यतः कार्बन-हायड्रोजनचीच कुळी. ध्रुवीयता जवळजवळ शून्य. फरक फक्त लांबीचा. मिथेनमध्ये एक कार्बन, तो उणे १६१ ला उकळतो. प्रोपेनमध्ये तीन, उणे ४२. ब्युटेनमध्ये चार, शून्याच्या किंचित खाली. पेट्रोलमध्ये पाच ते बाराच्या आसपास, म्हणून ते द्रव. मेणात वीस-तीस किंवा त्याहून जास्त, म्हणून ते हातात धरता येतं. ज्या बलाला आपण दुर्बल म्हटलं, त्याच्याच जोरावर मेणबत्ती ताठ उभी असते.

आणि इथे दुसरा प्रश्न, जवळ येण्याचा, पूर्ण अर्थाने समोर येतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल थिजतं. बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, मग ती उन्हात नाहीतर गरम पाण्यात ठेवायची. त्याच स्वयंपाकघरात सूर्यफुलाचं तेल मात्र खुशाल ओतता येतं. दोन्ही तेलांचे रेणू एकाच धर्तीचे: मधे एक लहान सांधा आणि त्याला तीन लांब शेपट्या. लांबीने बघाल तर खोबरेलातल्या शेपट्या आखूड आहेत, निम्म्याच्या आसपास बारा कार्बनच्या. सूर्यफुलाच्या तेलात बहुतेक अठराच्या. लांबीच्या हिशेबाने आधी सूर्यफुलाचं तेल थिजायला हवं होतं.

होत नाही, कारण त्या अठरा कार्बनच्या शेपटीत एखाददुसरा दुहेरी बंध असतो आणि तिथे तिला बाक येतो. सरपणाची मोळी बांधलेली आठवा. सरळ काटक्या एकमेकींना घासून, दाबून बसतात, मोळी घट्ट होते. वाकड्या काटक्यांची मोळी कितीही आवळा, मधे फटी राहतात. खोबरेलातल्या बहुतेक शेपट्या सरळ आहेत. त्या शेजारी शेजारी बसल्या की लांबीभर एकमेकींना ओढतात, आणि पारा २४ अंशांच्या खाली उतरला की त्या ओढीतून सुटण्याइतकी हालचाल रेणूंमध्ये उरत नाही. तेल थिजतं. वनस्पती तूप करताना तेलातल्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवतात तो बाक काढण्यासाठीच. बाक गेला की तेल घट्ट होतं.

हे बल अंतराच्या बाबतीत फार हळवं आहे. दोन लहान रेणूंमधलं अंतर दुप्पट केलं की ओढीची ऊर्जा चौसष्टावा भाग उरते. पण अगदी जवळ जाता आलं तर काय होतं, ते भिंतीवरच्या पालीला विचारावं. २००२ मध्ये जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोके या मोठ्या पालीवर काम करून दाखवलं की तिचे पाय पाणी धरणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठभागांना सारखेच चिकटतात. म्हणजे तिथे ना डिंक, ना पाण्याचा ओलावा. तिच्या एका पायाच्या तळव्यावर सुमारे ५ लाख बारीक केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. फाट्याची चपटी टोकं मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही लहान. ती भिंतीच्या रेणूंना इतकी जवळून भिडतात की व्हॅन डर वाल्स बलांच्या, म्हणजे लंडन बलासारख्या रेणूंमधल्या ओढींच्या, नुसत्या बेरजेवर पाल छतावर उलटी चालते. सुटायचं असेल तेव्हा ती केसांचा कोन बदलते आणि टोकं एकेक करून सोलल्यासारखी निघतात.

आता मिसळीकडे. पाणी आणि तेल यांचं वैर असतं असं म्हणतात. वैर मुळीच नाही. तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्येही लंडन बलाची ओढ असते. अडचण वेगळीच आहे. पाण्याचे रेणू सतत एकमेकांचे हात धरत, सोडत, पुन्हा दुसऱ्याचे धरत फिरत असतात. मधे तेलाचा रेणू आला की त्याला धरायला हातच नसतो. त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू आपले हात वाया जाऊ देत नाहीत, पण त्यासाठी त्यांना एका ठरावीक मांडणीत उभं राहावं लागतं आणि त्यांचा मोकळेपणा जातो. तेलाचे रेणू एकत्र आले की अशी अडकलेली जागा कमी होते आणि पाणी पुन्हा मोकळं फिरतं. वाटीत ठिपक्याला ठिपका मिळताना दिसतो तो याच कारणाने. इथेनॉलकडे मात्र ऑक्सिजन-हायड्रोजनचा हात आहे आणि शेपटी फक्त दोन कार्बनची. पाणी त्याला सहज आपल्यात घेतं.

तर्रीचा लाल रंगही याच न्यायाने तेलात गेलेला असतो. मिरचीतली रंगद्रव्यं म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. हळदीतलं करक्युमीनही तेलाकडेच जातं. आपण हिंग, हळद, मिरची फोडणीत टाकतो ते केवळ रीत म्हणून नाही. त्यांचा बराचसा रंग आणि वास पाण्यात उतरतच नाही, तेलात उतरतो. मीठ आपण फोडणीत टाकत नाही, आणि टाकलं तर त्याचे कण तेलाच्या तळाशी तसेच राहतील, कारण सोडियम आणि क्लोराइड यांना एकमेकांपासून सोडवायला लागणारे धन-ऋण हात तेलाकडे नाहीत. आणि मिसळ तिखट लागली की पाणी पिऊन भागत नाही, हा तर सगळ्यांचा अनुभव. तिखटपणा ज्याच्यामुळे येतो त्या कॅप्सेसीनच्या रेणूत अठरा कार्बन आहेत. पाण्यात तो जवळपास विरघळतच नाही, तोंडात फक्त इकडून तिकडे जातो. दह्यातला स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून नेतात. मिसळीसोबत दह्याची वाटी का मागावी, याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही.

खाऊन झाल्यावर ताटाला लाल ओशट थर राहतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, पाणी त्याच्यावरून निघून जातं. साबणाच्या रेणूला दोन्हीकडची सोय आहे. एका टोकाला बारा ते अठरा कार्बनची अध्रुवीय शेपटी, दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार असलेलं डोकं. घासताना तर्री फुटून तिचे बारीक थेंब होतात. शेपट्या त्या थेंबांत शिरतात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात. आता थेंबाच्या अंगभर ऋण प्रभार असतो. शेजारच्या थेंबावरही तसाच, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर लोटतात. मघाशी वाटीत मिळत होते तसे ते पुन्हा मिळू शकत नाहीत, आणि नळाच्या धारेबरोबर मोरीतून निघून जातात.